विहानकाका वजा करून

अंबेघोळच्या पठारावर पाइनचं एक वन होतं, आणि तेच वन, झाड न् झाड, जिल्ह्याच्या गणकयंत्रातही वाढत होतं. या जुळ्या भावाला शास्त्रज्ञ 'प्रतिवन' म्हणत. प्रत्येक खोडाला एक पातळ पट्टा बांधलेला असे. खोड केसभर जाड झालं की पट्टा ती खबर खाली धाडी आणि पडद्यावरचं झाड तेवढंच जाड होई. एव्हाना राज्यातल्या सगळ्याच लागवडींना अशी जुळी होती.

माणूस मात्र या वनात एकच होता, राखणदार विहान धुमाळ. तो शाळेत होता तेव्हा वर्गात चार विहान होते. आता सत्तरीच्या माणसाला विहान म्हणणं म्हणजे म्हाताऱ्याला झबलं चढवणं. पण त्याला नावानं हाक मारायला उरलं होतं कोण? बायको, स्वरा, गेल्यापासून तो पाइनांशीच बोलायचा. त्या दोघांनीच ती रोपं लावली होती.

अलीकडे ही झाडं वाढायचं नाव घेत नव्हती. कारण सापडलं नाही तर वन तोडून पठार मोकळं करायचं, असं वरून ठरलं. विहाननंच हातापाया पडून झाडांची डॉक्टर बोलावून घेतली.

डॉ. गोदावरी पेंडसे अगदी पोरसवदा होती. जुन्या नावांची हौस तेव्हा पुन्हा आली होती. तिनं राखणदाराच्या खोलीसमोरच्या ओट्यावर पडदा उलगडला.

"काका, आता वजा-फेरी घेऊ. म्हणजे प्रतिवनातून एकेक गोष्ट काढून टाकायची आणि मागची सगळी वर्षं पुन्हा चालवायची. जी काढल्यावर झाडं जोमानं वाढतात, ती आपली चोर."

"घ्या की. चोर घावला म्हंजे झालं," म्हणत विहाननं तिच्यापुढं चहा ठेवला. दुसऱ्या माणसासाठी चहा करून त्याला जमाना झाला होता.

गोदावरीनं अवर्षण वजा केलं. वाढीची रेघ खालीच. कीड वजा केली, उन्हाळे सौम्य केले, तरी रेघ ढिम्म. मग ती उठून वनात एक चक्कर मारून आली.

"काका, झाडांखालची जागा इतकी लख्ख कशी?"

"मीच झाडतो की. रोज!" विहानची कळी खुलली. "आमची आई म्हणायची, दारात कचरा साठला की घर पडीक दिसतं. आमच्या हिलाबी ते खपायचं न्हाई. परत्येक झाडाला त्याचं अंगण नको व्हय?"

गोदावरीनं हळूहळू समजावलं. पाइनची सुयांसारखी पानं गळून जमिनीवर कुजतात. त्या थरात बुरशीचे बारीक धागे वाढतात आणि मुळांना पाणी, क्षार पोचवतात. इथं माती वीतभर, खाली कातळ. असल्या जागी तो थर म्हणजेच झाडाचं जेवण. विहानचा खराटा रोज सकाळी झाडांपुढचं ताट उचलत होता.

विहानला ब्रह्मांड आठवलं. "आजपासनं खराटा बंद! चुलीत घालतो त्याला."

तिनं प्रतिवनातून खराटा वजा केला. रेघ वर सरकली आणि निम्म्यात थांबली. एवढ्यानं वन वाचणार नव्हतं.

"मग उरलेलं कोण खातंय, डॉक्टर?"

तिनं पडद्यावर बोट टेकवलं. रेघ सरळ वर चढली.

"आता काय वजा केलंत?"

"तुम्हाला," कपाकडे बघत ती म्हणाली. "एकट्या माणसानं एरवी काही बिघडत नाही. पण तुम्ही रोज प्रत्येक झाडापाशी जाता. एवढीशी माती, ती खळ्यासारखी चोपली गेलीय. मोकळी व्हायला खूप वर्षं लागतील. तोवर तिथं कुणीच जाता कामा नये."

"मी हितंच बसतो. लांबनं बघंन."

"राहवेल तुम्हाला?"

चार दिवसांत पाय तिकडे वळतील, हे विहानइतकं कुणाला ठाऊक असणार? तो गेला नाही तर वन जाणार होतं. त्यानं बोचकं बांधलं. प्रत्येक झाडाचा निरोप घ्यावा असं फार वाटत होतं, पण निरोप म्हणजे पुन्हा एक फेरी. सडकेवरूनच त्यानं हात केला. आपल्याला रडू येतंय, याची त्याला लाज वाटली नाही.

काही वर्षांनी शहरातल्या त्याच्या खोलीत गोदावरीचा फोन आला.

"काका, पेढे काढा! खोडांवरचे पट्टे ताणले जायला लागलेत. तोडीचा हुकूम रद्द झाला. तुमचं वन वाचलं!"

विहानला आनंद झाला, अगदी खरा आनंद झाला. मग तो जरा चाचरला.

"समदीच वाढली? एकांदं... एकांदं तरी माझ्याबिगर मागं ऱ्हायलं असंल की."

"छे हो, काका," ती हसत म्हणाली. "एकही नाही."