कॉइलवर धरणारा बर्फ

आकाराम मिस्त्रीनं कळंब्याच्या त्या डेअरीसमोर गाडी लावली तेव्हा ऊन कलंडलं होतं. सकाळपासून फिरून त्याचं अंग आंबून गेलं होतं. पिशवीत बर्फ वितळवणारा नवा डीफ्रॉस्ट हीटर आणि थर्मोस्टॅट. मागच्या महिन्यात इथल्याच कोल्डरूमला त्यानं हेच सामान बसवलं होतं, आणि आज पुन्हा तेच.

शेवंताबाई दारातच होत्या. नवरा गेल्यापासून डेअरी त्या एकट्याच चालवत.

"आकारामभाऊ, उद्या लग्नाची बासुंदी द्यायची हाय. पंखा बर्फात अडकलाय. माल नासला तर गावात तोंड दाखवायची सोय न्हाय."

"बघतो की मावशी."

कोल्डरूममध्ये जाऊन त्यानं गारवा देणाऱ्या कॉइलवरचं झाकण काढलं. कॉइल दिसतच नव्हती, नुसतं पांढरं भिंताड. मीटर लावला, तर जुना हीटर ठणठणीत. दाराचं रबरही घट्ट. तो चक्रावला.

"दार उघडं राहतंय काय, मावशी? बर्फ वाफेनं धरतो. आत कुठनं तरी ओल येतीया."

शेवंताबाई दाराची कडी चाचपत राहिल्या.

जुनं ठणठणीत असूनही त्यानं नवं सामान बसवलं आणि बर्फ वितळवायचा टायमर हातानं फिरवला. पंखा, मशीन, सगळं थांबलं. हीटर तापू लागला, बर्फ कडकडला, पाणी ठिबकू लागलं. पालथ्या क्रेटवर बसल्या बसल्या आकारामचे डोळे मिटायला लागले... आणि त्याला घरघर ऐकू आली.

दमेकऱ्याची असते तशी. संथ, ओढून घेतलेली...

त्यानं कॉइलजवळ तळहात धरला. ऊबदार, ओलसर हवा हाताला लागली, थांबली, पुन्हा लागली. बर्फाच्या फटीतून वाफ निघत होती. त्यानं स्वतःचा श्वास रोखून धरला. वाफ येतच राहिली.

"ऐकू आलं न्हवं?" शेवंताबाई दारातून हळूच म्हणाल्या. "आमचं मालक हायत. गेल्या साली हितंच पडलं, दम लागून. आधी भ्या वाटायचं... मग सवय झाली. दुपारची मीबी येऊन बसती घटकाभर."

आकारामनं हात झटकन मागं घेतला. पण उठून पळायचंही त्राण अंगात नव्हतं.

"मग मला कशाला बोलावलंसा मावशी? ह्यो बर्फ हीटरनं जायाचा न्हाय."

"बासुंदी हाय म्हणून. आन् दुसऱ्या कुणाच्या तरी कानानं ऐकावं म्हणून... मला एकटीला खरं वाटंना."

"ऐकलं की."

"दोन्ही?"

"दोन्ही... म्हंजे?"

त्या आत आल्या, वाकल्या आणि कॉइलच्या खालच्या कोपऱ्याला कान लावला. आकारामही वाकला. जड घरघरीच्या मधल्या शांततेत आणखी एक श्वास चालला होता. बारीक, भरभर.

"ह्यो परवापास्नं आलाय," त्या पुटपुटल्या. "लेकराचा वाटतोय..."

"तुमास्नी... मूलबाळ?"

"न्हाय भाऊ. कवाच झालं न्हाय."

तो बारीक श्वास क्षणभर थांबला. पोरानं रडू फुटायच्या आधी धरावा, तसा.