अशेगूरची विहीर

बार्काने गाठायच्या आत तेनेरेचं वाळवंट ओलांडायचं, आयरच्या डोंगरांत पोचायचं आणि तिथे अमास्तानशी निकाह लावायचा, एवढंच कल्तुमाच्या डोक्यात होतं. ती तेदा, तो तुआरेग. एकमेकांचे उंट पळवण्यात आणि मुडदे पाडण्यात दोन्ही जमातींच्या पिढ्या सरल्या होत्या. बार्का तिचा थोरला भाऊ. त्याने अमास्तानचा गळा चिरायची शपथ घेतली होती.

"उंट हाक ना भराभर! तुम्हा तुआरेगांना चालता चालता झोप लागते की काय?"

"आणि तुम्हा तेदांना बसल्या जागी भांडण सुचतं!" अमास्तान म्हणाला.

ती हसली, पण जीव थाऱ्यावर नव्हता.

दुपारी पूर्वेकडचं आभाळ तांबूस झालं आणि बघता बघता वादळ अंगावर आलं! सूर्य गेला. वाट गेली. एक उंट दावं तोडून उधळला. त्याच्यासोबत पाणीही गेलं आणि विहिरीचा दोरही. वारा पडला तेव्हा दोघांजवळ उरला एकच उंट आणि एक रिकामी पखाल.

अशेगूरच्या विहिरीपाशी कुणीतरी पालथं पडलं होतं. बार्का! वादळात त्याचाही उंट गेला होता. ओठ फुटून काळे पडले होते.

"ये, जवळ ये, चोरा," तो पुटपुटला.

"आधी हात तर उचलून दाखव," कल्तुमा म्हणाली.

विहिरीवर पाणी काढायचा डोल होता, पण दोर कुठे होता? दाव्याचा उरलेला तुकडा आणि तिची ओढणी बांधली, तरी पाणी खालीच! अमास्तानने डोक्याला आणि तोंडाभोवती गुंडाळलेल्या लांबलचक फेट्याला हात घातला. तुआरेग पुरुष तोंड उघडं टाकत नाही. बायकोच्या माणसांसमोर तर मेला तरी नाही.

"नको! त्याच्यासमोर नको," ती म्हणाली.

त्याने ऐकलं नाही. वेढ्यामागून वेढा सुटला. डोल खाली गेला, भरला. ओढ! अजून ओढ! गाठ सरकली! कल्तुमा कठड्यावरून झेपावली. तिचा तोल गेला, अमास्तानने तिचे पाय धरले. आणि कापडाचं सुटलेलं टोक, रांगत आलेल्या बार्काने दातांत पकडलं!

डोल वर आला. अमास्तानने तो आधी बार्काच्या तोंडाला लावला.

बार्का प्यायला आणि त्याच्याकडे बघत राहिला. "आंधळी आहेस का गं? याच्यासाठी घर सोडलंस? हनुवटी तर बोकडाची आहे!"

"मीही आजच बघतेय, दादा."

अमास्तानने ओला फेटा गुंडाळला, पखाल भरली आणि ती बार्काजवळ ठेवली. "मिठाचा तांडा येईलच. त्याच्याबरोबर जा."

"शपथेचं काय?" कल्तुमाने भावाला विचारलं.

"घरी सांगेन, वादळात दोघंही मेले. मेलेल्यांच्या मागे कुणी येत नाही."

"आणि आई?"

"रडेल." त्याने हात पुढे केला. "काहीतरी दे. विश्वास बसायला हवा तिचा."

कल्तुमा मनगटातलं चांदीचं कडं काढू लागली. ते निघेना. थुंकी लावून, कातडी सोलवटून तिने ते ओढून काढलं आणि भावाच्या तळहातावर ठेवलं.