डोळ्यांपुरती लेक

“गरम आहे अजून!”

शिवरामनं फोनवर पालथा हात ठेवला होता, तापानं फणफणलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. पण त्या हातात माया नव्हती... चार वर्षं मुरलेला संशय होता. दुर्गाबाई नुकतीच गच्चीवरून उतरली होती. कडेवर कुरडयांचं रिकामं ताट, कपाळावर घाम, आणि छातीत अशी धडधड की ती नवऱ्याला ऐकू जाईल या भीतीनं तिनं ताट उगाचच ओट्यावर आपटलं.

“कुणाशी बोलत होतीस?”

“कुणाशी नाही.”

“आज शनिवार. मागच्या शनिवारीही फोन गरम होता. त्याच्या आदल्याही.” त्यानं कॉलची यादी उघडली. यादीत गॅसवाला आणि विहाराच्या कमिटीतली पुतळाबाई, बाकी कुणी नाही. दुसरा एखादा निश्चिंत झाला असता; शिवरामचे डोळे मात्र आणखी बारीक झाले. “पुसून टाकतेस होय? हुशार झालीस, दुर्गे!”

यादी भरलेली सापडली असती तर ती चोर ठरली असती, आणि कोरी सापडली म्हणून अट्टल चोर ठरली!

“आणि रात्री साडेनऊ वाजता कुरडया वाळतात कशा, ते एकदा मला समजावून सांग,” असं म्हणून तो बाहेरच्या खोलीत गेला.

दुर्गाबाई ओट्याला टेकून उभी राहिली. भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. त्याच तसबिरीपुढं चार वर्षांपूर्वी तिनं शब्द दिला होता... तुमच्या परवानगीशिवाय मी मित्राशी बोलणार नाही.

मित्रा म्हणजे संघमित्रा, त्यांची एकुलती एक लेक. शिवरामचा बाप मंडणगडाकडच्या गावात रोज तिन्हीसांजेला खोताच्या पडवीत जाऊन त्याचे पाय चेपायचा. खोताला झोप लागेपर्यंत चेपायचा, आणि पोरगा शिवराम अंगणाबाहेर उभा राहून ते बघायचा. ते बघणं त्याच्या अंतःकरणात काट्यासारखं रुतून बसलं. शिकला, ठाणे-बेलापूर रोडवरच्या कंपनीत कारकून झाला, ऐरोलीत दोन खोल्या केल्या, लेकीला फिजिओथेरपी शिकवलं... आणि एके दिवशी लेक पेढे घेऊन आली. स्कॉटलंडमधल्या एका फुटबॉल क्लबात नोकरी लागली होती!

“कसली नोकरी?”

“फिजिओ, आप्पा. खेळाडूंना लागलं, मुरगळलं की...”

“पाय चोळायचे?” शिवराम पांढराफटक पडला. “माझ्या बापानं खोताचे पाय चेपले, आणि तू साता समुद्रापार जाऊन गोऱ्यांचे चेपणार? यासाठी शिकवलं तुला?”

“आप्पा, ते चेपणं नव्हे हो! ती ट्रीटमेंट असते...”

“या घराचा उंबरा ओलांडलास तर मला लेक नाही!”

मित्रा बापाचीच लेक. तिनं उंबरा ओलांडला. पेढ्यांचा पुडा तसाच राहिला आणि तिसऱ्या दिवशी त्याला मुंग्या लागल्या.

दुर्गाबाईनं शब्द दिला तो नवऱ्याच्या धाकानं नव्हे. त्या संध्याकाळी तिनं आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाला भिंतीकडं तोंड करून रडताना पाहिलं होतं. लेक तरुण होती, तिला जग होतं. याला कोण होतं?

आणि तो शब्द तिनं पाळला. मित्राचे निरोप खालच्या मजल्यावरच्या सोनलकडं यायचे. सोनल जवळच्या तळवली गावची, आगरी बोलणारी, आयटी पार्कात कामाला, जिभेची तिखट आणि मनानं लोणी. “मावशी, दोन मिनटा बोल गो! काकांना कोन सांगताय?” असं ती शंभरदा म्हणाली असेल, पण दुर्गाबाई कानांवर हात ठेवायची. निरोप ऐकणं हेही बोलण्याइतकंच, असं तिला वाटायचं.

मग एका शनिवारी सोनल म्हणाली, “बोलाची नाय ना? बगाची तर शप्पत नाय घेतली?” आणि तिनं दुर्गाबाईच्या फोनवर त्या क्लबाची मॅच लावून दिली.

ग्लेनार्डी थिसल! थिसल म्हणजे म्हणे त्या देशातलं काटेरी फूल, आपल्या रानातल्या काटेरिंगणीसारखं. मैदानाशेजारी गवतात मेंढ्या, पलीकडं करडा समुद्र, हजारभर माणसं, आणि कोसळणाऱ्या पावसात धावणारी बावीस पोरं. त्यात मित्रा कुठं दिसणार? अर्धा तास दुर्गाबाईनं डोळे फाडफाडून पाहिलं. मग लाल केसांचा एक पोरगा पाय धरून कोसळला... आणि कडेच्या बाकावरून हातात बॅग घेतलेली, लांब शेपट्याची एक आकृती वाऱ्यासारखी धावत आली!

तीच! तीच ती! शाळेला उशीर झाला की अशीच एक खांदा पाडून धावायची!

बारा सेकंद. मग पोरगा उठला, मित्रा परत गेली.

तेव्हापासून दुर्गाबाईच्या काळजाला एक पाप चिकटलं. कुणी पडलं तरच लेक दिसायची. म्हणून ती मनातल्या मनात म्हणायची, कुणीतरी पडावं... आणि लगेच गालावर हात मारून घ्यायची, फार लागू नये, आयांची लेकरं आहेत ती! आईच्या जात्यावरची चाल तिच्या ओठांवर यायची आणि शब्द आपोआप जुळायचे:

लेक माझी दूरदेशी, मधी दर्याचं गं पाणी
डोळियांची केली होडी, तिला बघाया साजणी

बघता बघता थिसल तिचाच झाला. तिनं खेळाडूंना नावं ठेवली. लाल केसांचा कप्तान तो लाल्या, गोलकीपर तो खांब्या, आणि उगाच पंचाशी भांडणारा तो तर थेट पुतळाबाईच! पहिल्या वर्षी क्लब नापास होऊन खालच्या वर्गात गेला, तेव्हा ती दोन दिवस नीट जेवली नाही. दुसरं वर्ष रडतखडत गेलं. तिसऱ्या वर्षी पहिला नंबर काढून थिसल वर चढला, आणि इथं ऐरोलीत विनाकारण पुरणपोळी झाली. शिवरामनं पोळी खाल्ली, पण “आज कसलं गं एवढं?” हे तीनदा विचारलं.

आता चौथं वर्ष सरत होतं आणि थिसल पुन्हा काठावर आला होता. पुढच्या शनिवारी शेवटचा सामना. जिंकले तर राहणार. हरले तर...

“हरले ना मावशी, तं पुढच्या वरसापासून खालच्या वर्गात मॅच दाखवनार नाय,” सोनलनं सांगितलं होतं. “बंदच.”

बंदच! म्हणजे लेकीचे ते बारा सेकंदसुद्धा...

तो शनिवार उजाडला. शिवराम सकाळपासून गोड वागत होता, आणि त्या गोडव्याचीच दुर्गाबाईला धास्ती वाटत होती. दुपारी त्यानं स्वतः चहा केला. साडेसहाला नवा शर्ट घालून म्हणाला, “विहारात मीटिंग आहे. उशीर होईल.” तो गेला. दुर्गाबाईनं सुटकेचा श्वास सोडला, आणि तिची नजर टेबलावर गेली. चष्मा तिथंच होता. चष्म्याशिवाय हा माणूस कधी मीटिंगला जातो?

सापळा आहे, तिला कळलं. पण काळजाला कुठं कळतं? साडेसातला ती गच्चीवर गेलीच.

टाकीच्या आडोशाला सोनल सतरंजी टाकून बसली होती. खाडीवरून खारा वारा येत होता, दूर मुलुंडच्या पुलावर दिवे लागले होते. सामना सुरू झाला. समोरच्यांनी गोल केला, थिसलनं फेडला. एकास एक. दुर्गाबाईच्या तोंडून “अरे मार की लाल्या!” निघालं आणि मागून आवाज आला,

“कोण हा लाल्या?”

शिवराम जिन्याच्या दारात उभा होता. त्यानं येऊन फोन हिसकावला आणि दूर धरून, डोळे किलकिले करून पाहिला. त्याला एखाद्या चेहऱ्याची अपेक्षा होती. दिसलं ते हिरवं मैदान.

“हे काय?”

“फुटबॉल.”

“अठ्ठावन्नाव्या वर्षी तुला फुटबॉल सुचतोय? कुणाला येडा बनवतेस?”

“काका,” सोनल उसळली, “मावशी एक शबुद बोलली नाय चार वरसान...”

“तू मधे पडू नकोस! दुर्गे, खरं सांग. शब्द मोडलास ना?”

दुर्गाबाईच्या डोळ्यांत पाणी तरळलं, पण आवाज कापला नाही. तिनं पदरातून चष्मा काढून पुढं केला. “बसा. बघा. मग काय म्हणायचं ते म्हणा.”

तो बसला नाही. पण चष्मा त्यानं घातला.

दहा मिनिटं उरली होती. उंच चेंडूसाठी लाल्यानं उडी घेतली, दुसरा आडवा आला, डोक्यावर डोकं आपटलं. लाल्या लाकडासारखा खाली पडला आणि हलला नाही. सगळं मैदान चिडीचूप झालं... आणि कडेनं ती धावत सुटली. एक खांदा पाडून.

शिवरामनं फोन डोळ्यांजवळ ओढला. चार वर्षं! पोर वाळली होती. मग त्याचा ओठ मुडपला. “धावली बघ... चेपायला.”

पण मित्रा चेपत नव्हती. तिनं लाल्याचं डोकं दोन्ही हातांत स्थिर धरलं होतं, ती काही विचारत होती, त्याच्या डोळ्यांत बघत होती. लाल्या धडपडत उठला, हातवारे करू लागला... खेळतो मी, ठीक आहे मी! कडेवरून त्यांचा मोठा प्रशिक्षक ओरडत आला, तिच्यापेक्षा दीडपट उंच, लालबुंद. तिच्या तोंडाजवळ वाकून तो काहीतरी बोलत होता, विनवत होता की धमकावत होता कोण जाणे. मित्रा खांद्यापर्यंतसुद्धा येत नव्हती त्याच्या. तिनं मान वर केली आणि हलवली.

नाही.

पंचानं कुणाकडं पाहिलं? प्रशिक्षकाकडं नाही, कप्तानाकडं नाही... तिच्याकडं! तिनं दोन्ही हात एकमेकांभोवती फिरवले. हा बाहेर, दुसरा आत. आणि तो सहा फुटी कप्तान, रडत रडत, तिच्या खांद्यावर हात टाकून बाहेर चालू लागला.

“त्यांनी ऐकलं तिचं,” शिवराम पुटपुटला. तो कधी सतरंजीवर बसला, त्याला कळलंही नव्हतं.

“ऐकावंच लागतं,” दुर्गाबाई म्हणाली.

शेवटच्या मिनिटाला गोल झाला. जिथं लाल्या भिंतीसारखा उभा असायचा, नेमका तिथूनच चेंडू गेला. थिसल हरला, खालच्या वर्गात गेला. पोरं चिखलात लोळून रडू लागली, आणि कठड्यामागची माणसं बाकाकडं बोटं करून ओरडू लागली. कुणीतरी कागदी पेला भिरकावला, तो मित्राच्या खांद्यावर आदळला, कॉफी जॅकेटवरून ओघळली. ती वळली नाही. लाल्याला बाकावर बसवून त्याच्या कपाळाला पट्टी लावत राहिली.

“ए!” शिवराम ताडकन उठून ओरडला. “ए, कुणाला मारता रे? पोरीनं त्याचा जीव वाचवला, आणि...”

पडदा काळा झाला. सामना संपला. चार वर्षांची खिडकी मिटली.

“मला बोलू द्या हो तिच्याशी!” दुर्गाबाईचा बांध आता फुटला. “चार वर्षं काही मागितलं नाही... आज ती तिथं एकटी आहे. सगळं गाव तिला बोल लावतंय! एकदाच परवानगी द्या!”

फोन घेऊन शिवराम जिना उतरू लागला. संपलं, दुर्गाबाईला वाटलं. आता तो फोनही कपाटात जाईल.

ती पाय ओढत घरात आली, मागून सोनल. शिवराम तसबिरीखाली खुर्चीवर बसला होता, फोन हातात, अंगठा अधांतरी.

“नंबर सांग तिचा.”

दुर्गाबाईनं मान हलवली. “मला नाही माहीत.”

“म्हणजे?”

“मी घेतलाच नाही कधी. असता तर... एखाद्या रात्री राहवलं नसतं मला.”

शिवरामच्या चेहऱ्यावरचं सगळं उतरलं. तो तिच्याकडं असा बघत होता, जणू या बाईला आज पहिल्यांदा पाहतोय. “साधा नंबरसुद्धा नाही...” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, “आणि मी तुझा फोन चाचपत होतो. दुर्गे, मी कसला माणूस आहे गं?”

“घ्या, मी देतंय नंबर,” सोनल नाक पुसत म्हणाली. “रडाचा नंतर, काका. आदी लावा.”

बराच वेळ रिंग वाजली. मग थकलेला, सावध आवाज आला, “हॅलो? ...कोण?”

चार वर्षांचं काय काय बोलायचं, कुठून सुरू करायचं? शेवटी शिवरामनं घसा खाकरला.

“त्या लाल केसांच्या पोराचं डोकं कसं आहे आता?”

पलीकडून पावसाचा आवाज येत होता.

“आप्पा...?” आणि मग हुंदका. “तुम्ही... तुम्ही मॅच बघितली?”

“शेवटची दहा मिनिटं. कसा आहे तो?”

“चक्कर येतीये त्याला. हॉस्पिटलला नेतोय... आप्पा, सगळे म्हणतात माझ्यामुळं हरलो...”

“म्हणू देत! तू बरोबर केलंस. ऐकतेस ना? बरोबर केलंस.” त्याचे गाल ओले झाले होते. त्यानं फोन दुर्गाबाईपुढं धरला. “घे. बोल. तुझा हक्क आहे.”

दुर्गाबाईचा हात आपसूक पुढं आला... आणि थांबला. नवऱ्याचा तो ओला, उघडा पडलेला चेहरा तिनं पाहिला. इतक्या वर्षांनी उघडलेलं ते तोंड, मध्येच तोडलं तर पुन्हा उघडेल?

“तुम्ही बोला,” ती हळूच म्हणाली. “आमचं काय, आता रोजचंच आहे.”

ती आत गेली, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली आणि भिंतीला डोकं टेकून, डोळे मिटून, लेकीचा आवाज ऐकत राहिली.