शेवटच्या टेबलावरचं रीडिंग

हे माझ्यासोबत घडलंय. ऐकीव नाही. मैत्रिणीच्या मावशीच्या जावेला आलेला अनुभव नाही. माझा स्वतःचा.

आणि हे रात्री घडलं नाही.

भर दुपारी घडलं. कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये, खिडक्यांतून ऊन आत येत असताना, सगळा वर्ग आजूबाजूला उभा असताना.

ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल हसावं. मी पटवायला बसलेली नाही. जे झालं ते सांगते.

बारावीनंतर आई आजारी पडली आणि माझं शिक्षण सुटलं. काही वर्षं घर, औषधं, डबे यातच गेली. आई जरा सावरली तशी मी बीएस्सीला प्रवेश घेतला. काका म्हणाले, "या वयात? वर्गातली पोरं तुला मावशी म्हणतील."

म्हणू देत, म्हटलं.

पोरं मावशी नाही म्हणाली. ताई म्हणाली. पुढे सगळं कॉलेजच मला ताई म्हणायला लागलं.

घरात मात्र ठरलेलं होतं. एकदा जरी नापास झाले तरी शिक्षण बंद, आणि काकांच्या मेडिकल दुकानात काउंटरवर उभं राहायचं. बाबांनी मान डोलावली होती. बाबा काकांसमोर नेहमीच मान डोलवतात.

शेवटच्या वर्षी आईचं ऑपरेशन निघालं. मी लॅबला हजर झाले तेव्हा प्रॅक्टिकल सुरू होऊन बरेच दिवस झाले होते. सगळी टेबलं भरलेली.

एकच रिकामं. शेवटचं, खिडकीजवळचं. वर धुळीने माखलेल्या काचेच्या नळ्यांचा ढीग.

मी ढीग बाजूला करायला लागले, तोच लॅबमधले मामा धावत आले. मामा म्हणजे आमचे लॅब अटेंडंट. केस पांढरे, आवाज मोठा, मन मऊ.

"ताई, तिथे नको."

"का? मोडकंय का?"

"मोडकं नाही. पण... नको."

"मामा, मग मी काय तुमच्या डोक्यावर ब्युरेट लावू?"

ते हसले नाहीत. मामा एरवी माझ्या फालतूतल्या फालतू विनोदालाही हसायचे.

मी टेबल पुसलं आणि कामाला लागले.

पहिले काही दिवस काहीच नाही.

मग आवाज सुरू झाला.

टिंग... टिंग... टिंग...

बीकरमध्ये काचेची कांडी फिरवल्यासारखा. अगदी माझ्या बाजूला.

बाजूला कुणी नव्हतं.

लॅब म्हटल्यावर काच वाजणारच, असं म्हणून मी सोडून दिलं. मग बर्नर विझायला लागला. वारा नाही, गॅस चालू. मी पेटवायची, पाठ वळवायची...

फट्.

बघावं तर गॅसचा कॉक बंद केलेला. आपोआप विझला असता तर गॅसचा वास आला असता. वास नव्हता. कुणीतरी व्यवस्थित, हाताने बंद केलेला.

मैत्रीण होती एक. सारखी बडबडायची म्हणून तिला आम्ही चिमणी म्हणायचो. मी तिला म्हटलं, "थट्टा करतेस का गं?"

"ताई, मी तिकडे फिरकतसुद्धा नाही," ती म्हणाली. "त्या टेबलापाशी आलं की मला माझाच आवाज ऐकू येत नाही."

चिमणीला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, म्हणजे बघा.

त्याच आठवड्यात मी स्टुलावर बसून, खाली वाकून रीडिंग घेत होते. डोळा ब्युरेटच्या, म्हणजे मापाच्या उभ्या काचनळीच्या, रेघेला लावलेला. आणि कानाजवळ कुणीतरी म्हणालं...

"ऊठ."

मुलीचा आवाज. रागाचा नाही. नुसता सांगितल्यासारखा.

माझ्या हातातलं पेन पडलं. घाबरले, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त आला तो राग. आयुष्यभर मला कुणी ना कुणी हेच सांगत आलं होतं. आता तर दिसतही नाही असं कुणीतरी सांगत होतं.

मी सरळ मामांना गाठलं. स्टोअररूममध्ये ते बाटल्या लावत होते.

"कोण आहे तिथे? खरं सांगा."

मामांनी हातातली बाटली खाली ठेवली.

"एक मुलगी होती. हुशार. तुझ्यासारखीच तोंडाळ. परीक्षेच्या दिवशी तिच्या हातून ब्युरेट फुटलं. थोरले सर चिडले, म्हणाले, ऊठ, हे तुझं काम नाही. ती हात जोडून म्हणत होती, सर, एकच रीडिंग राहिलंय. सरांनी तिच्या डोळ्यांदेखत तिचा फ्लास्क सिंकमध्ये ओतला."

"मग?"

"मग ती गेली. बॅगसुद्धा घेतली नाही. घरी पोचलीच नाही ती. बाप कितीतरी दिवस फाटकापाशी येऊन उभा राहायचा, सगळ्यांना विचारायचा. शेवटी मीच त्याच्या हातात बॅग दिली."

"सापडली?"

मामांनी नुसती मान हलवली. नाही.

थोरले सर म्हणजे आमच्या विभागातले सगळ्यात ज्येष्ठ सर. अजून नोकरीत होते. आमच्या परीक्षेला कॉलेजतर्फे परीक्षक तेच असणार होते.

"टेबल बदलून घे," मामा म्हणाले. "मी लॅब सांभाळणाऱ्या मॅडमना सांगतो."

"नाही बदलणार."

"ताई, हट्ट करू नकोस."

"हट्टावरच इथवर आलेय मामा."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी एकटीच लॅबमध्ये गेले. बर्नर पेटवला. पाठ वळवली.

फट्.

मी वळले आणि रिकाम्या जागेकडे बघून, भांडणातल्यासारखी, मोठ्याने बोलले.

"हे बघ. तुला उठवलं त्यांनी. मी नाही. तुझ्यावर अन्याय झाला, मान्य. पण म्हणून मी का उठू? मी इथेच बसणार. तुला राहायचं तर राहा, नाही तर जा. बर्नरला हात लावायचा नाही!"

बाहेर पोरांचा गलका चालू होता. तो थांबला.

पंख्याची घरघर... थांबली.

पंखा फिरत होता. मला दिसत होता. पण आवाज नव्हता. मी टेबलावर मूठ आपटली. हाताला लागलं, पण आवाज झाला नाही.

किती वेळ गेला माहीत नाही. मी तिथेच उभी राहिले. दार समोर होतं, उघडं होतं. गेले नाही.

मग एकदम सगळा गलका परत आला.

मी बर्नर पेटवला. तो पेटलेलाच राहिला.

परीक्षेचा दिवस आला. मला टायट्रेशन आलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: खाली फ्लास्कमध्ये आम्ल आणि रंग दाखवणारं द्रव्य, म्हणजे इंडिकेटर, वर ब्युरेटमध्ये अल्कली. थेंब थेंब सोडायचं. एका थेंबाला पाणी फिकट गुलाबी होतं. तिथे थांबायचं, रीडिंग घ्यायचं. सगळ्यात सोपा प्रयोग. मी खूश झाले.

थेंब सोडत गेले.

गुलाबी होईना.

अजून सोडले. काहीच नाही. अर्धं ब्युरेट रिकामं झालं. सगळं झालं. पुन्हा भरलं. फ्लास्कमध्ये नितळ पाणी...

आजूबाजूला सगळ्यांची रीडिंग होत होती. माझ्या कपाळावर घाम. डोळ्यांसमोर काकांचं काउंटर.

थोरले सर येऊन उभे राहिले.

"इंडिकेटर टाकलंस का?"

"टाकलंय सर."

त्यांनी स्वतः आणखी थेंब टाकले. काही नाही.

"ब्युरेटमध्ये पाणी भरलंस तू."

मी ब्युरेटमधल्या थेंबात लाल लिटमस कागद बुडवून दाखवला. क्षणात निळा झाला. पाणी नव्हतं.

सरांचा चेहरा लाल. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई पलीकडून बघत होत्या, त्यांच्यासमोर सरांना स्वतःलाच कारण कळत नव्हतं.

"ऊठ," सर म्हणाले. "हे तुझं काम नाही."

सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. मामा दारात उभे होते. त्यांनी डोळे मिटले.

"नाही उठणार सर."

"काय म्हणालीस?"

"नाही उठणार. वेळ संपलेली नाही. संपेपर्यंत ही जागा माझी आहे."

सरांनी माझ्या समोरचा फ्लास्क उचलला. सिंकवर धरला. वाकडा केला.

आणि आवाज गेले.

सगळे. एकदम.

फ्लास्कमधलं नितळ पाणी सरांच्या हातात गुलाबी झालं. फिकट नाही. गडद... अजून गडद... आणि ओघळलं ते सिंकमध्ये न जाता त्यांच्या बोटांवरून, मनगटावरून, बाहीत.

सरांचे ओठ हलत होते. ऐकू काहीच येत नव्हतं.

मग फक्त एक आवाज ऐकू आला. सरांचाच. ते माझ्याशी बोलत नव्हते. माझ्या बाजूला बघत होते, जिथे कुणीच नव्हतं.

"हो... हो, एकच राहिलंय... घे... घे तू... पूर्ण कर..."

मला तिकडे बघायचं होतं. शपथ सांगते, मान वळली नाही.

मग लॅबचा गोंगाट परत आला. सर नळाखाली हात चोळत होते. साबणाने रंग आणखी गडद झाला. अल्कलीने तो गडद होतोच, त्यात भुताटकी नाही. मामांनी पातळ व्हिनेगर ओतलं. आम्लाने हा रंग जायलाच हवा. पहिल्या वर्षाच्या पोराला विचारा.

गेला नाही.

सर तसेच बाहेर पडले. बॅग टेबलावरच राहिली.

परीक्षक बाई माझ्याजवळ आल्या. सिंककडे बघितलं. मग म्हणाल्या, "नव्याने नमुना देते. दुसऱ्या टेबलावर करतेस का?"

"इथेच करते."

केलं.  फिकट गुलाबी रंग एका थेंबाला आला. बरोबर जिथे यायला हवा तिथे. मी पास झाले. चांगल्या मार्कांनी.

त्या संध्याकाळी मामा सरांची बॅग द्यायला त्यांच्या घरी गेले. दार सरांच्या बायकोने उघडलं.

"ते हात धुतायत," त्या म्हणाल्या.

आतून पाण्याचा आवाज येत होता.

काही दिवसांनी एका कागदासाठी मामा पुन्हा गेले. सरांच्या बायकोने पुन्हा तेच सांगितलं. सर कॉलेजात परत आलेच नाहीत.

चिमणी म्हणते, ती मुलगी तुझ्या बाजूने होती ताई. मला नाही तसं वाटत. तिने माझं टायट्रेशन बिघडवलं होतं, हे विसरून कसं चालेल? ती माझ्या बाजूने होती, की फक्त त्यांच्या विरोधात? आणि त्या दिवशी मी उठले असते तर तिने काय केलं असतं? रात्री जाग आली की हेच डोक्यात फिरतं. तिचं नावही मला कुणी सांगत नाही. मामासुद्धा नाही. विचारलं की बाटल्या लावायला लागतात.

निकालानंतर मॅडमनी ते टेबल काढून टाकायचं ठरवलं. मी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन भांडले.

"अगं पण तिथे बसणार कोण?"

"मी. एमएस्सीला इथेच प्रवेश घेतलाय."

काकांना घरी कळलं तेव्हा ते म्हणाले, अजून किती शिकणार? बाबांनी पहिल्यांदाच मान डोलावली नाही. म्हणाले, तिला हवं तेवढं.

सोमवारपासून प्रॅक्टिकल सुरू होतायत.

भीती वाटते. खूप वाटते. 

लॅबचा ॲप्रन धुवून वाळत घातलाय.