रिकामी सम

सुश्रव श्रवण प्रयोगशाळेत हेमंत पेडणेकरांना शाल आधी मिळाली आणि ती कशाबद्दल, ते नंतर कळलं. या क्रमाची त्यांना सवय होती. चाळीस वर्षं तबला वाजवणाऱ्या माणसाच्या कपाटात पंधरा-वीस शाली सहज जमतात आणि त्यांतल्या निम्म्या कशाबद्दल होत्या, हे देणाऱ्यांनाही सांगता येत नाही. ही मात्र वेगळी होती. हिच्यासोबत आलेख होता.

“पंडितजी, गेल्या बारा वर्षांतले तुमचे दोनशे सोळा कार्यक्रम,” जनसंपर्क अधिकारी रिद्धेश कुलथे भिंतीवरच्या पडद्याकडे हात करून म्हणाला. “महाराष्ट्रातल्या सगळ्या कलावंतांमध्ये सर्वांत कमी दुरुस्ती तुम्हाला लागली आहे. सरासरी शून्य पूर्णांक तीन टक्के! दुपारच्या समारंभात हाच आकडा जाहीर करायचा आहे. काही गायकांचे आकडे ऐकलेत तर हसाल.”

“मग ऐकवा की.”

“छे, ते गोपनीय असतात.” रिद्धेशने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “एक जण चाळीसच्या वर आहेत. गेल्याच वर्षी त्यांच्या नावाने चौक झाला.”

पेडणेकर हसले. मग हसणं आवरून म्हणाले, “पण दुरुस्ती म्हणजे काय? प्रेक्षकांचे खोकले, खुर्च्यांची करकर, ते काढता तेच ना?”

रिद्धेशने शेजारी बसलेल्या शर्वरी उपासनीकडे पाहिलं. ज्या प्रश्नाचं उत्तर माहितीपत्रकात नसे, त्याला तो असाच तिच्याकडे पाही. शर्वरी प्रयोगशाळेची ध्वनिशास्त्रज्ञ होती. लहानपणी तिने दोन वर्षं तबल्याचा क्लास केला होता, आणि पेडणेकर येणार म्हणून आज ती ही गोष्ट कुणाला सांगावी की नाही, या विचारात होती.

कर्णिका सगळ्यांच्याच परिचयाची होती. सभागृहाच्या दारात तिकीट दाखवलं की हरभऱ्याएवढ्या दोन कर्णिका हातावर ठेवत. त्या कान पुरता बंद करत आणि आतून स्वच्छ आवाज सोडत. कलावंतालाही त्या घालाव्या लागत, म्हणजे साथीला पेटीवर फिरत राहणारा लेहरा नीट ऐकू येतो. त्याखेरीज त्या आणखी काय करतात, ते करारनाम्याच्या नवव्या पानावर दिलेलं होतं. नववं पान आजवर कुणी वाचल्याची नोंद नव्हती.

“सर, आपण कानाने ऐकतो, पण त्याच्या जरा आधी मेंदू ऐकून बसलेला असतो,” शर्वरी म्हणाली. “पुढचा आवाज कोणता येणार, याचा त्याचा अंदाज तयार असतो. तिहाईचं बघा ना. एकच तुकडा तीनदा वाजवून तुम्ही समेवर येता, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर. तिथे ‘धा’ पडणार, हे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ठाऊक असतं.”

“शेवटची कशाला? पहिल्या रांगेत हातावर मात्रा मोजणारे बसतात, ते तेराव्या मात्रेपासून मान खाली न्यायला लागतात. मी पोचायच्या आत समेवर हजर!”

“अगदी तेच. आता अंदाज केला होता तो आवाज आलाच नाही, तर मेंदूत एक झटका उमटतो. आम्ही त्याला अपेक्षाभंगाची लहर म्हणतो. आमच्या संस्थापकांनी बरीच वर्षं मोजमाप केलं. लोक कार्यक्रमातून अर्ध्यात उठून जातात, त्याच्या आधी ही लहर हमखास आलेली असते. मग उपाय सोपा होता. कर्णिका मेंदूतला अंदाज वाचते. आलेला आवाज त्याच्याशी जुळला तर तसाच आत सोडते. नाही जुळला, तर ज्याचा अंदाज केला होता, तो आवाज ऐकवते. ज्याला त्याला आपापला.”

पेडणेकर खुर्चीत पुढे झाले. “म्हणजे गायकाचा गंधार उतरला...”

“तर तो फक्त त्यांच्या गळ्यात उतरतो. सहाशे लोकांना लागलेलाच ऐकू येतो.”

“आणि गायकाला?”

“त्यांच्याही कानात कर्णिका असतेच.”

गेल्या बारा वर्षांत शास्त्रीय संगीताला चांगले दिवस आले होते, असं सगळे म्हणत. सभागृहं भरत होती, अर्ध्यातून कुणी उठत नव्हतं. एका परिसंवादात पेडणेकरांनी याचं श्रेय नव्या पिढीच्या रसिकतेला दिलं होतं आणि त्याबद्दलही त्यांना एक शाल मिळाली होती.

“पण तुमचं तसं नाही ना, पंडितजी!” रिद्धेश घाईने म्हणाला. “शून्य पूर्णांक तीन! तुम्ही वाजवलं तेच लोकांनी ऐकलं.”

हे मात्र पेडणेकरांच्या आतवर जाऊन पोचलं. इतकी वर्षं लोक ‘वाह’ म्हणत आले. पण ‘वाह’ म्हणणाऱ्याला नंतर आपल्याकडून काही ना काही हवं असतं, निदान आपल्यासोबत फोटो तरी. यंत्राला काहीच नको होतं. आपण स्वच्छ वाजवतो, हे पहिल्यांदाच कुणीतरी मोजून सांगत होतं. त्यांनी खांद्यावरची शाल सारखी केली आणि चष्मा लावून आलेख नीट पाहिला.

रेघ सपाट होती. फक्त डाव्या बाजूला तीन ठिकाणी ती उठून थेट पडद्याच्या वरच्या कडेला लागली होती.

“ते तीन आम्ही समारंभात दाखवणार नाही,” रिद्धेश म्हणाला. “माणूस आहे, तब्येत असते, घरचं काही असतं. बघा, नऊ वर्षांपूर्वीचे आहेत. कोल्हापूर, ठाणे आणि नाशिक.”

पेडणेकरांना तारखा वाचायची गरज नव्हती. नारळ आले का बघतो म्हणून रिद्धेश निघून गेल्यावर त्यांनी चष्मा काढला.

“त्या तीन दिवशी मी बिघडलो होतो, हे मला माहीत आहे,” ते म्हणाले. “तुमचं यंत्र खोटं सांगत नाही.”

शर्वरीने काहीच विचारलं नाही, म्हणून त्यांना सांगावंसं वाटलं.

“माझ्या डोक्यात एक रचना होती. अकरा मिनिटांची, सावकाश चढत जाणारी. शेवटी तिहाई. आणि समेवर हात वरच ठेवायचा. तिथे काही वाजवायचंच नाही. लोक गंमत म्हणून करतात असं, टाळी घ्यायला. मला ती गंमत नको होती. त्या मात्रेवर मागून इतकं वजन आणून ठेवायचं, की ती वाजवायची गरजच उरू नये. ती ऐकणाऱ्याच्या आत पडली पाहिजे. सहा वर्षं घासली मी ती रचना. घरी. घरात कर्णिका नसते. तिथे मी आणि स्वयंपाकघरात वृंदा. वृंदा म्हणजे आमच्या मिसेस. एक दिवस ती पिठाचे हात घेऊन बाहेर आली. म्हणाली, ‘अहो, काय होतं हे? लाटता लाटता हात थांबला माझा.’ मग मी ठरवलं की आता लोकांसमोर मांडायची.”

“मग?”

“मग कोल्हापूर. तिहाई संपली, हात वर गेला आणि ‘धा’ पडला. चांगला खणखणीत. लोक म्हणाले, वाह. ठाण्याला तेच. नाशिकलाही तेच.”

“पण हात तर वर होता ना तुमचा?”

“चाळीस मिनिटं वाजवल्यावर बोटांना खालची तबल्याची पुडी कळत नाही, बाई. डोळे मिटलेले असतात. कान सांगेल ते खरं. कानाने धा ऐकला. घरी जो हात थांबतो तो सहाशे लोकांसमोर थांबत नाही, याचा अर्थ काय होतो? त्याला टाळी हवी असते. मी त्या हाताला हावरट म्हणालो. नाशिकनंतर ती रचना बंद केली. परत कधी वाजवली नाही. आता बसलो तरी यायची नाही. ते सगळं बोटांतून गेलं.”

शर्वरीने पडद्यावरचे ते तीन चढ पुन्हा पाहिले. मग म्हणाली, “सर, दुरुस्तीचा आकडा चुका मोजून काढत नाहीत. मेंदूला केवढा झटका बसला असता, त्यावरून काढतात. बारा वर्षांत एवढा मोठा झटका दुसऱ्या कुणाच्याच आलेखात नाही. एक सुटलेला बोल, एक घसरलेलं बोट, त्याने इतकं होत नाही.” ती उठली. “यंत्रं जुळवायला आम्ही मूळ ध्वनी साठवून ठेवतो. ऐकायचाय?”

“माझं बिघडलेलं?”

“नाशिकचं.”

कर्णिका न घालता, साध्या ध्वनिवर्धकावर तिने शेवटची दोन मिनिटं लावली. पेडणेकर पाठ ताठ करून बसले, दुसऱ्या कुणाच्या मैफलीला बसावं तसे. वाजवणारा माणूस पन्नाशीचा होता आणि घाईत नव्हता. तो एकेक आवर्तन हातात घेऊन, वजन बघून, आधीच्यावर ठेवत होता. तिहाई आली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा.

आणि काहीच झालं नाही.

समेवर शांतता होती. लेहऱ्याचा सूर तेवढा एकटा पुढे गेला. त्यानंतर लगेच, त्या शांततेवरच, सहाशे माणसं एका आवाजात ‘वाह’ म्हणाली. पडलाच नव्हता त्या धाला त्यांनी मनापासून दाद दिली होती.

शर्वरीने ध्वनी थांबवला.

“मला धा ऐकू आला होता,” पेडणेकर म्हणाले.

“सभागृहालाही. त्यांचा अंदाज तोच होता.”

“माझा कसा असेल? मीच तर ठेवणार होतो ती रिकामी!”

“ठेवायची होती तुम्हाला. पण पहिल्या दिवशी व्यासपीठावर बसल्यावर हात ऐकणार नाही अशी धाकधूक होती का?”

“होतीच.”

“मेंदूत भीतीची आणि अपेक्षेची लहर सारखीच असते, सर. कर्णिकेला त्यांतला फरक कळत नाही. तुम्ही ज्याला घाबरला होतात, ते तिने तुम्हाला ऐकवलं. दुसऱ्या वेळी भीती वाढली. तिसऱ्या वेळी तर...”

“खात्रीच होती,” पेडणेकर म्हणाले.

म्हणजे जमली होती. तीनदा जमली होती. सहाशे, सातशे आणि सहाशे माणसांच्या समोर, आणि त्यांतल्या कुणाच्याही, त्यांच्या स्वतःच्याही कानावर न पडता. ज्या हाताला त्यांनी नऊ वर्षं हावरट म्हटलं, तो मांडीवर उताणा पडला होता.

“कुणीच नाही ऐकली,” ते म्हणाले. त्यात प्रश्न नव्हता, पण शर्वरीला तो प्रश्न वाटला. शास्त्रज्ञांना अशा वाक्यांची उत्तरं द्यायची सवय असते. तिने नाशिकच्या कार्यक्रमाची आसनवार नोंद उघडली. त्या एका मात्रेवर कुणाला किती दुरुस्ती लागली, याची यादी. सहाशे बारा आसनं, सहाशे बारा आकडे. ती यादी खाली सरकवत गेली आणि थांबली.

“एक आसन शून्य दाखवतंय. तिसरी रांग, चौदा नंबर. इथे शेरा आहे, ‘कर्णिका सदोष, बदलली.’”

“सदोष म्हणजे?”

“थांबा हं.” तिने आणखी दोन कोष्टकं उघडली. मग तिच्या बोलण्याची गती कमी झाली. “नाही, चालू होती. खोकले काढलेत तिने, लेहरा जुळवलाय. फक्त त्या समेवर काही भरलं नाही. म्हणजे... जो आवाज आला, तोच अंदाज होता. तिथे बसलेल्या माणसाला शांतताच येणार हे माहीत होतं. खात्री होती त्याला.” तिने वळून पाहिलं. “तिथे कोण बसलं होतं, ते आम्ही नोंदवत नाही.”

पेडणेकरांनी नाव सांगितलं नाही. कोल्हापूरला आणि ठाण्याला ती आली नव्हती. नाशिक घरचं गाव, रविवारची सकाळची मैफल, तिसऱ्या रांगेचा पास त्यांनी स्वतःच आणून दिला होता.

“मग सदोष का लिहिलं?”

“आनंदाची पण नोंद असते. ही बघा, बाकीच्यांची.” पडद्यावर सहाशे अकरा रेघा एकाच वेळी, एकाच उंचीपर्यंत चढल्या आणि शिस्तीत खाली आल्या. “आणि ही चौदा नंबरची.” ही रेघ समेपाशी उठली आणि चौकटीच्या बाहेर गेली. ती पुढे कुठे गेली, ते दिसत नव्हतं. “पट्टी तिथे संपते. आकडा पट्टीबाहेर गेला, तर यंत्र बिघडलं असं धरतात.”

“खाली कधी आली?”

शर्वरीने रेघ पुढे सरकवली. शेवटची भैरवी झाली, टाळ्या झाल्या, लोक उठले. रेघ चौकटीबाहेरच होती. बारा वाजून आठ मिनिटांनी ती तुटली.

“दारात कर्णिका परत घेतात,” ती म्हणाली. “पुढचं आमच्याकडे नाही.”

“पुढचं माझ्याकडे आहे,” पेडणेकर म्हणाले.

बाहेर रिद्धेश कुणाला तरी नारळाला शेंडी का नाही, हे विचारत होता.

“रिक्षा केली होती आम्ही. विंगेत आयोजक म्हणाले होते, काय धा पडला बुवा आज! ते डोक्यात घुमत होतं. ही शेजारी बसली, पदर सारखा केला आणि म्हणाली, ‘जमलं हो आज. थांबला हात.’ मला वाटलं, नवरा खचलाय म्हणून समजूत काढतेय. मी म्हणालो, ‘खोटं कौतुक बाहेर भरपूर मिळतं, ते घरात नको.’”

शर्वरीने विचारलं, “मग? त्या काय म्हणाल्या?”

“काही नाही. ‘बरं’ म्हणाली.” त्यांनी खांद्यावरची शाल काढून घडी घातली, टोकाला टोक जुळवून. “त्यानंतर साडेसात वर्षं होती ती. दर कार्यक्रमाला यायची. संपल्यावर म्हणायची, ‘छान झालं.’ सगळे म्हणतात तसं.”