सेल्फ उचलत नाही

भंगारवाला उद्या सकाळी टेम्पो घेऊन येणार होता, म्हणजे हातात काय ती आजची दुपार होती. जेवणं झाली, वहिनी भांड्यांना लागली, आणि तिचा दीर, सुसाट, जिना उतरून खाली गॅरेजमध्ये आला. शटर कमरेएवढंच वर केलं आणि वाकून आत शिरला.

सुसाट हे नाव दादाने ठेवलेलं. "याला ब्रेक बसवायलाच विसरले," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. सहावीत पुस्तकं फेकून दादाच्या हाताखाली आलेला हा धाकटा भाऊ चार नट सोडायचा आणि तीनच आवळायचा. चौथा दादा गुपचूप आवळायचा. वर दोन खोल्या, खाली गॅरेज, आणि घरात तिघं. आता वर दोघं होती आणि खाली कोणीच नव्हतं.

आत महिना-दीड महिन्याचा बंद वास होता. जुनं ऑइल, पेट्रोल, रबर. भिंतीला टेकून दादाची मोटरसायकल उभी होती, एकवीस वर्षांची. मागचा मडगार्ड कागदासारखा चुरगळलेला, मागच्या दिव्याच्या जागी नुसत्या दोन वायरी. पुढून बघितलं तर मात्र काही झालंच नाही असं वाटावं.

ती बोगद्यात बंद पडली होती. तिची किक कधीच तुटून गेलेली. चालू व्हायची ती फक्त बटणावर, सेल्फवर. बोगद्याच्या तोंडाशी बसणाऱ्या पंक्चरवाल्याने चौकीत सगळं सांगितलं होतं, आणि सांगताना तो सुसाटकडेच बघत होता. "मी ओरडलो, गाडी सोड, बाहेर पळ. अंधारात दिसत नव्हता, नुसतं बटण दाबल्याचं टक् टक् ऐकू येत होतं. तो आतून म्हणाला, होईल चालू, भावाने कालच बनवलीय."

मग मागून ट्रक आला.

भावाने कालच बनवली होती, हे खरं होतं. सेल्फची मोटर खोलली, साफ केली, परत बसवली. मोटरवर जाडी वायर येते, तिचा नट हाताने फिरवून बसवला, आणि पान्याने आवळायचा तेवढ्यात बाहेरून मित्रांनी शिट्टी मारली. आवळला की नाही? दीड महिना झोपेतसुद्धा सुसाट तो नट आठवत होता. आवळला, असं रोज रात्री स्वतःला सांगायचा, आणि रोज सकाळी ते खोटं वाटायचं. उद्या गाडी गेली की कायमचंच कळणार नव्हतं.

खरं तर रबराची टोपी उचलून नटाला बोट लावलं असतं, तर क्षणात निकाल लागला असता. पण त्याने सुरुवात दुसऱ्या टोकाने केली. दादा शिकवायचा तसं, बॅटरीपासून.

बॅटरीला मीटर लावला. साडेबारा व्होल्ट. बॅटरी ठणठणीत. फ्यूज शाबूत. चावी फिरवली, हिरवा दिवा लागला, बटण दाबलं. सीटखालच्या रिलेतून, बटण दाबलं की मोटरला करंट सोडणाऱ्या डबीतून, 'टक्' झालं, आणि पुढे काही नाही. म्हणजे बटणही बरोबर. त्याने रिलेचे दोन्ही स्क्रू स्क्रू-ड्रायव्हरने जोडून पाहिले. बारीकशी ठिणगी पडली, मोटर ढिम्म. रिलेही बरोबर.

एक एक जण निर्दोष सुटत होता. तेवढा पुढचा संशयित जवळ येत होता.

आता मोटरला कान लावायचा राहिला होता. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मोटरवर टेकवायचं, मूठ कानाच्या हाडावर दाबायची, आणि दुसऱ्याने बटण दाबायचं. आतलं सगळं ऐकू येतं. आजवर ऐकणारा दादा आणि दाबणारा सुसाट. त्याने शटरखालून डोकं बाहेर काढून हाक मारली.

"वहिनी! जरा खाली येतेस?"

ती ओले हात पदराला पुसत आली. "भाऊजी, जेवल्या जेवल्या इथे कशाला तडमडलात? उद्या जाणारच आहे ना ती?"

"एकच काम. मी दाब म्हटलं की हे बटण दाब. एकदाच."

"मला नाही हात लावायचा तिला."

"वहिनी... तुझ्या पाया पडतो."

तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि हँडलपाशी उभी राहिली. तो खाली बसला. स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला गार लागली.

"दाब."

टक्.

टक्.

टक्, टक्.

"एकदाच म्हटलं ना."

"एकदाच दाबलं की."

"परत."

टक्. मग थोडा वेळ काही नाही. मग टक्. मग दोन लागोपाठ. मग परत थांबणं, आणि टक्.

ते थांबणं सुसाटच्या ओळखीचं होतं. बटणावर सतत अंगठा ठेवायचा नाही, बॅटरीला दम घेऊ द्यायचा, असं दादा म्हणायचा, आणि दम घेऊ देताना मनात पाच आकडे मोजायचा. एक, दोन, तीन, चार, पाच... टक्.

"वहिनी, हात काढ."

"कधीच काढलाय." तिने दोन्ही हात वर करून दाखवले.

टक्.

त्याने धडपडत चावी काढली. टक्. दहाचा पाना घेतला, बॅटरीची वायर सोडली, बॅटरीच उचलून फरशीवर ठेवली. आता त्या गाडीत करंट नावालाही नव्हता. शटरखालून आलेल्या उन्हाच्या पट्टीत धूळ तरंगत होती. भर दुपार होती, बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. त्याने परत कान लावला.

एक, दोन, तीन, चार, पाच... टक्.

आणि त्या आवाजाला मागे घुमारा होता. या खोलीचा नव्हे. लांबच्या लांब, गोल छताखालचा.

"काय ऐकताय?" वहिनीचा आवाज एकदम लहान झाला होता. "भाऊजी, पांढरे पडलात... काय आहे त्यात?"

त्याने रबराची टोपी उचलली आणि नटाला बोट लावलं. नट बोटाबरोबर फिरला, बाटलीच्या झाकणासारखा.

दीड महिना ज्याला तो भीत होता ते एवढंच होतं. आतड्यातून आवाज यावा तसा तो बोलला.

"वहिनी, मी नट आवळला नव्हता. शिट्टी ऐकली आणि तसाच पळालो. दादाला म्हणालो, झालं काम. तो गाडी सोडून बाहेर आला असता... पण माझ्या शब्दावर बसून राहिला. मी मारलं त्याला."

वहिनी ओरडली असती, थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. ती नुसती उभी राहिली, भिंतीचा आधार घेऊन. तशीच म्हणाली, "मग आवळा आता."

"काय?"

"आवळा. तो अजून तिथे बोगद्यात बटण दाबत बसलाय ना?"

तिला कसं कळलं, हे विचारायची त्याची छाती झाली नाही. पाना दोनदा निसटला. नट आवळला, पुरता आवळला, वर आणखी थोडा. टोपी बसवली. बॅटरी जागेवर ठेवून वायर जोडली. चोक ओढला, चावी फिरवली.

वहिनीने न सांगता बटण दाबलं. या वेळी सेल्फने उचललं. मोटर घरघरली, इंजिन दोनदा खोकलं आणि धडधडून चालू झालं. भिंतीच्या पत्र्यावर टांगलेले पाने थरथरू लागले, गॅरेज निळ्या धुराने भरलं. सुसाट रडत होता आणि हसतही होता, दोन्ही एकदम.

वहिनीने वाकून फरशीवरचा स्क्रू-ड्रायव्हर उचलला. दादाला रोज बघितलेलं, त्यामुळे शिकवावं लागलं नाही. टोक इंजिनला, मूठ कानाला. डोळे मिटून ती ऐकत राहिली.

"थांबलं दाबणं," ती म्हणाली. मग, "बंद करा ही. नीट ऐकू येत नाही."

त्याने चावी फिरवली. गॅरेजमध्ये एकदम इतकी शांतता पडली की कान दुखले. वहिनी तशीच बसून होती.

"वहिनी, राहू दे आता. चल वर."

"शू... चालायला लागला."

"कोण?"

"एक पाऊल वाजतं, एक वाजत नाही," ती हळूच म्हणाली. "एका पायात बूट नाहीये का हो त्याच्या?"

हॉस्पिटलमधून मिळालेल्या पिशवीत एकच बूट होता. तो त्याने वहिनीला दाखवला नव्हता. घरी यायच्या आधीच नाल्यात भिरकावला होता. हे त्याच्याशिवाय कोणाला माहीत असायचं कारण नव्हतं.

"बोगदा किती लांब आहे आपल्याकडून?"

"पायी... दोन तास."

वहिनीने मान हलवली, जणू स्वयंपाकाचा अंदाज घेत होती. मग स्क्रू-ड्रायव्हर त्याच्यापुढे धरला. "तुम्ही ऐका. लहानपणापासून त्याच्या मागे मागे फिरलात. चालीवरून कळेल तुम्हाला, रागावलाय की नुसताच घरी येतोय."

त्याला घ्यायचा नव्हता. घेतला. टोक टेकवलं, मूठ कानाला लावली. आता घुमारा नव्हता. पावलाखाली खडी करकरत होती. म्हणजे बोगदा मागे पडला. टाच, मग मऊ थप. टाच, मग मऊ थप. संथ. दादा रागावला की असाच संथ चालायचा, काही न बोलता. पण दिवसभर काम करून दमला की तसाच चालायचा. सुसाटने श्वास रोखून ऐकलं. राग की दमणूक, त्याला कळेना. जन्मभर ज्याची पावलं ऐकली, त्याचीच त्याला ओळखता येईनात.

"काय वाटतं?"

"कळत नाही, वहिनी... खरंच कळत नाही."

ती उठली. शटरपाशी गेली, दोन्ही हातांनी कडी धरली, आणि मागे वळून त्याच्याकडे पाहिलं. अर्ध्या उघड्या शटरखालून ऊन तिच्या पावलांवर पडलं होतं.

"सांगा मग. वर करू, की खाली ओढू?"

त्याने उत्तरासाठी तोंड उघडलं. पण कानाला लावलेल्या लोखंडात तिचा प्रश्न जसा काही पोचला होता. पावलं क्षणभर थांबली.

आणि मग धावायला लागली.