रिकाम्या बेडीची पिन

कोर्टातल्या बाकाला बेडी लटकत होती आणि बेडीत हात नव्हता. चोर पसार झाला होता.

निरीक्षकबाई पोहोचल्या तेव्हा लंबू शिपाई मान खाली घालून उभा होता. चूक त्याने आपणहून कबूल केली. घाईत बेडी अडकवली, पिन दाबायची राहिली. पिन न दाबलेली बेडी साध्या तारेनेही सुटते, हे पोलिसात सगळ्यांना ठाऊक असतं. तो खिडकीवर कारकुनाकडून शिक्के मारून घेत होता, तेवढ्यात चोराने डाव साधला. आता लंबूची नोकरी जाणार, हे दिसतच होतं.

"शंभरदा सांगितलं होतं मी," उस्ताद हळहळले. लाठी-शिट्टीच्या जमान्यातला हा जुना हवालदार चोराला आणताना लंबूच्या जोडीला होता. बेडी कशी घालायची, हे बाईंनाही त्यांनीच शिकवलं होतं.

बाईंनी बेडीचं मिटलेलं कडं दाबून पाहिलं. पिन दाबलेली नसेल तर कडं दाबल्यावर आणखी आवळतं; हे जराही हललं नाही.

"उस्ताद, तुम्ही कुठे होतात?"

"व्हरांड्यात. जरा डोळा लागला."

"तुमची किल्ली?"

"खिशात. का?"

बाईंनी लंबूला बाहेर पाठवून दार लोटलं.

"हिची पिन दाबलेली आहे, उस्ताद. त्याला किल्लीचं टोक लागतं. चोराकडे ते कुठून येणार? आणि पळायचं सोडून तो रिकामी बेडी मिटत बसेल? लंबूची किल्ली त्याच्यासोबत खिडकीवर होती. राहिली तुमची. बेडी उघडी लोंबकळत ठेवायची नाही, मिटली की पिन दाबायची, ही सवय ठाण्यात एकाच माणसाला आहे. आम्ही सगळे विसरतो."

उस्ताद स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. डोक्याने बेत रचला होता, हातांनी घात केला.

"बहिणीचा मुलगा आहे तो. लाजेपोटी कुणाला बोललो नव्हतो. काल ती माझ्या पाया पडली हो."

"आणि लंबू? त्याला घरदार नाही?"

"वाटलं, येईल थोड्या दिवसांनी परत कामावर." बोलता बोलता त्यांचं त्यांनाच ते ऐकवेना. बाईंनाही मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याच्या हाताखाली शिकलो, त्याच्या तोंडून हे ऐकायची वेळ आली होती.

बाईंनी दार उघडलं. लंबूला अजून कशाचाच पत्ता नव्हता. उस्ताद दिसताच त्याने टाचा जुळवून सलाम ठोकला.

"चुकलो, उस्ताद. तुमचं नाव खराब केलं मी."

उस्तादांचा हात सलामासाठी अर्ध्यावर आला आणि तिथूनच खाली गेला.